प्रोग्रॅमला मराठी शिकवली

मुखेडच्या रक्ताच्या पिशव्यांचं तुम्हाला सांगितलंच नाही. मी लातूरला बसून मुखेडच्या एका दवाखान्याचा प्रोग्रॅम सांभाळतो. रक्त लागलं की तो नांदेडच्या रक्तपेढीच्या सर्व्हरला जेसनमध्ये, म्हणजे कंस-स्वल्पविरामांच्या ठरलेल्या साच्यात, मागणी पाठवतो. एका दुपारी तिथल्या नव्या सिस्टरचा फोन आला, "बाळंतिणीला रक्त पाहिजे, अन् मागणी सारखी परत येऊन राहिली."

मी पाहिलं तर सर्व्हरचा शेरा 'बॅड रिक्वेस्ट', म्हणजे मागणी लिहिण्यातच चूक. कंस, स्वल्पविराम, अवतरणचिन्हं, सगळं जागच्या जागी होतं. रक्तपेढीचा सर्व्हर बघणाऱ्या सुजाताताईंना फोन लावला.

"ताई, चूक सापडून न्हाई राहिली."

"आधी रक्तगट अन् पिशव्या सांग. गाडी काढायला लावते. चूक काय, नंतर बघू."

गाडी निघाल्यावर आम्ही फोनवरच एकेक अक्षर वाचत गेलो. किती पिशव्या, त्या रकान्यात सिस्टरनी मराठीतला '२' टाकला होता. जेसनला आकडा इंग्रजीतच लागतो.

मी म्हणालो, "सिस्टरला इंग्रजीत टाकायला सांगतो."

"त्यांना बाळंतिणीकडं बघू दे," ताई म्हणाल्या. "तू प्रोग्रॅमला मराठी शिकव."

संध्याकाळपर्यंत शिकवली; आता मराठी आकडा आला की प्रोग्रॅमच तो इंग्रजीत करून पाठवतो. रक्त वेळेत पोचलं, अन् काही दिवसांनी बाई अन् बाळ दोघंही सुखरूप घरी गेली. सिस्टर आजही मराठीतच आकडे टाकतात, अन् पिशव्या वेळेवर येतात.