फळीचा बाक

आमचा बाप लकडगंजातल्या आरामशीनवर लाकडं वाहे अन् मी तिथंच भुशात खेळत मोठा झालो, म्हणून मले पाटी-पुस्तकाच्या आधी रंदा समजला. पुढं मिस्तरी झालो. घमेंड एकच, काय सांगू तुम्हाले, वाकडं लाकूड माह्या नजरेतून सुटत नाही! बाक दिसला की रंदा मारून सरळ करायचा, आमच्याकडं त्यालेच कारागिरी म्हणत. नागपूरचं ऊन असं की दाराची फळी दोन दिवस बाहेर राहिली तर धनुष्य होते.

ऐंशीच्या नंतरची गोष्ट हाय. मी ज्याच्याकडं कामाले होतो त्या शेटनं कॉम्प्युटरवर चालणारी मशीन आणली. भोकं पाडलेली कागदाची पट्टी तिच्यात घातली की पट्टी सांगीन तसं मशीन कापे. पट्टी बनवायले सुनंदा, प्रतापनगरची पोट्टी. बाप अंथरुणाले खिळलेला, घर तिच्या एकटीच्या पगारावर. मले काका म्हणे. माप मी घ्यायचं, पट्टी तिनं करायची.

तर गोव्याच्या पिंटोसाहेबांनी काम दिलं. समुद्राच्या लाटेवर उभं राहून घसरायच्या फळ्या, फोमच्या. आपण नुसता आकार कापून द्यायचा, वरचा लेप ते तिकडं चढवणार. आता नागपुरात लाट कुठची? अंबाझरी तलावात लाट पाहाची तर म्हशी उतरवा लागते! नमुन्याची एक फळी त्यांनी ट्रकनं पाठवली. पाहतो तर तिचं नाक वर उठलेलं, शेपूटही थोडी उठलेली. मले हसूच आलं. म्हणलं, घ्या, ट्रकच्या टपावर वाकली बिचारी.

रुंदी घेतली, जाडी घेतली, बोट ठेवाले जागा नाही असं चोख माप. सुनंदा म्हणे, काका, खालची बाजू सपाट धरू? पण ही तर होडीसारखी उठली आहे. मी म्हणलो, सपाटच धर वं बाई, हे उन्हाचं काम हाय, लाकूड काय अन् फोम काय. ती म्हणे, त्यांना एकदा विचारू या का? मी म्हणलो, काहून विचारतं? हसतीन ते आपल्याले.

मशीननं कापल्या, एकीसारखी दुसरी, केसभर फरक नाही. मी तर हात फिरवत फिरून राहिलो होतो, जसा काही मीच बाप त्यायचा.

पिंटोसाहेब आले. एक फळी जमिनीवर ठेवली, नाकावर तळहात दाबला. फळी हललीच नाही. नमुन्याची ठेवली, तर ती पाळण्यासारखी डुलली. ते म्हणाले, अहो, तो बाक मुद्दाम असतो. नाक वर नसलं तर पहिल्याच लाटेत फळी पाण्यात घुसते अन् माणूस डोक्यावर पडतो.

शेट मशीनकडं वळला, मग सुनंदाकडं. म्हणे, एवढी महागाची मशीन अन् तुले पट्टी करता येत नाही? उद्यापासून येऊ नको. पोट्टी खाली मान घालून उभी. माह्यं नाव घेतलं नाही तिनं. तेच मले जास्त लागलं.

म्हणलं, शेट, पट्टीत चूक नाही गा. मी सपाट म्हणलो, तिनं सपाट धरलं, मशीननं सपाट कापलं. ह्या तिघायत गाढव एकच हाय, ते तुमच्यापुढं उभं हाय. काढाचं तर मले काढा.

शेट म्हणे, मग दोघंही जा. पिंटोसाहेब हसायले लागले. म्हणाले, बाकीचं माप तर बरोबर आहे, फक्त खालचं पोट सुधारा, मी इथंच बसतो. मी नमुन्याच्या पाठीवर सूत ताणलं, सुताखालची फट ठिकठिकाणी मोजली. सुनंदानं नवी पट्टी केली. नवी फळी जमिनीवर ठेवली, साहेबानं नाक दाबलं, अन् डुलली, बाप्पा, डुलली! शेट नुसता म्हणे, बाई, बाकीच्याही मशीनवर लाव.

सपाटवाल्या? गेटजवळच्या चहावाल्यानं नेल्या. मजूर बसत त्यायच्यावर, बसायले एक नंबर.

आता माह्यं वय झालं, घरीच बसतो. सुनंदा तिथंच हाय, दोन नव्या पोरींले काम शिकवून राहिली. मी समुद्र पाह्यला नाही, आता पाहणंही होत नाही. पण तिकडं आमच्या फळीवर कोणाचं तरी लेकरू उभं असंन. न पडो बिचारं. अन् पडलंच, तर सुनंदाले काही बोलू नका, माप माह्यं होतं.