मलप्पांनी न फेकलेल्या प्लेटा

अध्यक्षस्थानी विराजमान प्राचार्य मृत्युंजय सर, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती मलप्पा, सौ. सिद्धम्मावहिनी, आणि निलंग्याहून एसटीत उभं राहून आलेली त्यांची भावकी, सर्वांना मनापासून नमस्कार.

आमच्या प्रयोगशाळेचे सहायक मलप्पा आज निवृत्त होताहेत. एकतीस वर्षांत त्यांनी एक रीत मोडली नाही. पेशी वाढवायच्या प्लेटवर ज्याचं नाव, त्यानं शेवटचं बघितल्याशिवाय ती टाकायची नाही. मला या रीतीचा भारी वैताग. अहो, इन्क्युबेटरमध्ये माझ्याच प्लेटांना जागा मिळायची नाही!

माझी विद्यार्थिनी लुंबिनी, ही काय समोर बसलीय, चार वर्षांपूर्वी मेंदूच्या कर्करोगावर काम करत होती. गाठीतल्या थोड्या मूळपेशी उपचारातून वाचतात आणि गाठ पुन्हा वाढवतात. शरीराची राखण करणाऱ्या टी-पेशी त्यांना मारत का नाहीत, हा तिचा प्रश्न. रुग्णाच्या गाठीचा शेवटचा नमुना तिच्या प्लेटांत होता, प्रबंधाला दोन महिने उरले होते, आणि बाईसाहेब बहिणीच्या लग्नाला रेणापूरला!

मी घाईघाईत वरच्या एक-दोन प्लेटा पाहिल्या. टी-पेशी निपचित. म्हटलं, "मेल्या सगळ्या. प्रयोग फसला, टाकून द्या."

मलप्पा म्हणाले, "पोरीचं नाव हाय सर. तिनं बगितल्याबिगर न्हाई टाकत."

माझं डोकं फिरलं. आज्ञाभंगाचा लेखी मेमोच हातात दिला.

लुंबिनी परतली, एकेका प्लेटवर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि मलप्पांना ओरडून म्हणाली, "मामा, जित्या हायत की ओ!" साध्या गाठपेशींशेजारी टी-पेशी लढत होत्या, मूळपेशींशेजारी मात्र गप्प बसून होत्या. म्हणजे मूळपेशीच काहीतरी सोडून त्यांना थंड करत होत्या. आहे की नाही कमाल? तोच तिचा प्रबंध झाला.

हारतुरे मला मिळाले, मी मिरवलोही. प्लेटा टाकायला मीच सांगितलं होतं, हे लुंबिनीला आत्ता कळतंय. मलप्पांनी चार वर्षांत तिला चकार शब्द सांगितला नाही. मेमो मात्र त्यांच्या सेवापुस्तकात तसाच राहिला. मला लाज वाटते. आज सकाळी प्राचार्यांच्या सहीनं तो रद्द करून घेतला. कागद दाखवला, तर मलप्पा हसले. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या सर, पोरीचं काम झालं की."

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर सभेनं पोटात घालावं. त्या मेमोची माफी मात्र मी सभेकडं मागत नाही. मलप्पा, ती तुमच्याकडं मागतो. आणि लुंबिनी, तुझ्याकडंही.