साठीचा राजपुत्र

माझं माहेर पाथर्डीकडं, आईबाप ऊसतोडीला जायचे, मी कोपरगावाकडं उसाच्या कडंला पाचटाच्या कोपीतच जल्मले. गळा हुता म्हनून चौदाव्या वर्षी मावशीनं अण्णाच्या तमाशात आनून सोडलं, तवापास्नं तितंच हाय. अण्णा तमाशाचा मालक, आन वगातला राजपुत्रबी त्योच. पयली इस-पंचीस वरसं वगात मी त्याची रानी हुते. मंग मला चाळिसावं लागलं आन अण्णा म्हनला, आता तू आई कर. कुनाची आई? त्याचीच! काय सांगू तुमाला, मी चव्वेचाळीसची, त्यो बासष्टचा, मिश्यांला कलप, कमरंला पट्टा, आन मी त्याच्या गालावरनं हात फिरवून म्हनायचं, बाळा, तू अजून लहान हाईस. माझी जीभ कशी झडत न्हाई!

त्याला कमी काय हाय म्हनता? बागायत ऊस हाय, दुमजली बंगला हाय, दारात जीप हाय, दोन पोरं कर्ती हायेत. आमी कनातीत जमिनीवर निजतो, त्याची खाट येगळी. आन तरीबी दसरा आला की हा मानूस गुडघ्याला तेल चोळत हजर.

दसऱ्याला आमी ढोलकी-घुंगराची पूजा करतो. त्या वक्ताला मालक ज्याच्या डोक्याला भगवा फेटा बांधील त्यो त्या सालचा राजपुत्र. माझा नवरा किसन, अण्णाचा बदली. बदली म्हंजे अण्णा आजारी पडला तर उभं ऱ्हायाचं. सगळा वग तोंडपाठ, आवाज असा की ढोलकीवाला हात थांबवून ऐकायचा. पन अण्णा कधी आजारीच पडंना! दर दसऱ्याला म्हनायचा, किसन्या, फुडच्या साली तुझाच फेटा. आन सोताच्याच डोक्याला बांधून घ्यायचा. अशी सोळा वरसं गेली. किसनचे म्होरचे दोन दात गेले, पन आस काय जाईना.

मंग एका यात्रंत अण्णाला ताप भरला. सकाळची हजेरी हुती. देवाम्होरं दिसाउजेडी खेळ करायचा, त्याला हजेरी म्हनत्यात. ती चुकवून चालत न्हाई. अण्णा जीपमंदी कांबळं पांघरून पडलेला. म्हनला, जा किसन्या, निभावून ने.

आन तितं माझी मती फिरली बगा. आमच्यात रीत हाय, जी आईचं काम करती तिनं राजपुत्राची दृष्ट काढायची, मीठ-मोहऱ्या ववाळून. पन खऱ्या राजपुत्राची, बदलीची न्हाई. बदलीची काढली म्हंजे पयल्याचं राज्य संपलं. मला काय ठावं न्हवतं व्हय? ठावं हुतं. पन किसन नटून म्होरं उभा ऱ्हायला, उन्हात त्याचं तोंड असं उजळलं हुतं, मला ऱ्हावलंच न्हाई. भरल्या लोकांत मी त्याची दृष्ट काढली. आन मागं बघते तर जीपच्या काचंतनं अण्णा बघतोय.

किसननं त्या सकाळी असं काम केलं, असं काम केलं, की बाया पदर डोळ्याला लावून रडल्या. मीबी रडले, खरं खरं. तवडा एकच खेळ.

फुडच्या दसऱ्याला फेटा अण्णाच्याच डोक्यावर. बदलीबी दुसराच नेमला. आन किसनच्या हातात काय दिलं? भोंगा! जीपमंदी बसून गावोगाव वरडत फिरायचं, या हो या, अण्णांना बघायला या. त्यो आवाज, आन त्याला ह्ये काम!

मी तडक गेले. म्हनलं, अण्णा, मीठ-मोहऱ्या माझ्या हातात हुत्या, त्याला कशाला जाळता? आन तुमाला काय कमी हाय म्हनून ही थेरं? त्यो चिडला न्हाई. पान चावीत म्हनला, घरी पोरं म्हनत्यात, अण्णा तुमी निस्तं बसा. सून च्या ठिवती आन मागं न बघता जाती. हितं मी शिंकलो तरी धा मान्सं वळत्यात. मी म्हनलं, वा रं वा! तुमच्या शिंकंला मान वळवाया माझ्या नवऱ्यानं जल्म घालवायचा का? त्यानं पानाची पिंक टाकली आन ढोलकीवाल्याला हाक मारली.

किसननं एक साल भोंगा वरडला आन गेला निघून. आता नगरला नागापुरात एका कारखान्यावर वाचमन हाय. गात न्हाई. शेजारच्यांला ठावंबी न्हाई की ह्यो कधी गायचा.

मला म्हनला, तूबी ये, दोघांपुरतं हाय. गेले. आठ दीस ऱ्हायले. नळावर भांडं लावायचं, डाळ शिजली का बगायची, आन दुपारभर भिताडाकडं बघत बसायचं. हाक म्हनून कुनी मारंना. नवव्या दिशी पिशवी भरली आन एस्टीत बसले. किसन फाटकापतूर आला, पिशवी माझ्या हातात दिली आन माघारी वळला. भांडला असता तर बरं झालं असतं.

तर अण्णा एवढा पैकेवाला असून काम का करतो, ह्ये मला नगा इचारू. मला ठावं हाय, आन ठावं हाय म्हनूनच त्याचा जास्ती राग येतो. देव त्याला शंभर वरसं देवो, पन घरी देवो. माझं म्हनाल, तर पोरी हाक मारत्यात, तोंड रंगवायचंय. उठते मी.