पान नऊ, पान एकोणीस

निरीक्षक: सर, पुन्हा ठोकू का?

सर: ठोक. पण जरा वर. तिथे ते कायमच पोकळ वाजतं.

निरीक्षक: तीन ठिकाणी वाजलं.

सर: सर्दी झाली असेल झाडाला.

निरीक्षक: सर! “खोड पोकळ वाजल्यास निरीक्षकाने सबबी सांगू नयेत.” पान नऊ. पुस्तक तुमचंच आहे.

सर: तेव्हा तरुण होतो गं. काहीही लिहायचो.

निरीक्षक: शिवाय बुंध्याला अळंबी. आकृती चार, हुबेहूब.

सर: आकृती चार हा माझा कान आहे. आमच्या हिने काढलेला. म्हणाली, समोर होता, काढला. तसाही ऐकायच्या कामाचा नव्हता.

निरीक्षक: आमची अख्खी तुकडी वर्षभर झाडांवर कान शोधत होती!

सर: सापडले?

निरीक्षक: सहा. असो. दोष गंभीर. झुकाव घराच्या उलट दिशेला, हे नशीब. आता लक्ष्य. पडलं तर कशावर पडेल?

सर: लिही. बाक, एक. निवृत्त निरीक्षक, एक.

निरीक्षक: वावर किती?

सर: सकाळपासून जेवणापर्यंत. मग जेवणापासून दिवेलागणीपर्यंत.

निरीक्षक: मग शेरा एकच, सर. तोडणे.

सर: ही इथेच बसून आकृत्या काढायची. जाऊन तीन वर्षं झाली, पण पेन्सिलीची सालपटं अजून सापडतात मातीत.

निरीक्षक: खाली माझी सही असते, सर. खोटं लिहू?

सर: लिहून बघ. आत्ता नापास करतो.

निरीक्षक: मग पान एकोणीस ऐका. “तोडण्याआधी विचारा: लक्ष्य हलवता येईल का?”

सर: हे मी लिहिलं?

निरीक्षक: तुम्हीच.

सर: शक्य नाही. हिने घुसडलं असणार.

निरीक्षक: झाडाच्या उंचीच्या दीडपट अंतर. बाक पार त्या कुंपणापाशी. आणि झाडाखाली पुन्हा कुणी जायचं नाही. तुम्हीसुद्धा.

सर: नुसता हात लावायलाही?

निरीक्षक: नाही, सर.

सर: …पाठीकडून धर. मी पुढून धरतो.

(बाक जड आहे. वाटेत दोनदा खाली ठेवावा लागतो.)

निरीक्षक: बसा. कसं वाटतंय?

सर: ऊन लागतंय.

निरीक्षक: छत्री पाठवते ऑफिसातून.

सर: थांब. अगं, याला केवढा शेंडा आहे!

निरीक्षक: असतोच की, सर.

सर: तीस वर्षं आम्ही दोघं बुंध्याकडेच बघत बसलो.