निळ्या स्वेटरची वेबसाइट

डोळ्यांच्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या मुलीने मांडीवर लॅपटॉप उघडला आणि तासभर मुका बसलेल्या म्हाताऱ्या शिंप्याला कंठ फुटला. केसपेपर लिहिणाऱ्या बाईंचा हात थांबला, कान लागले.

"वेबसाइट बनवता वाटतं? मीही बनवली. आमची ही गेल्यावर शिकलो. हिने विणलेले सगळे स्वेटर आहेत तिच्यावर, मुलाचा शाळेतला निळासुद्धा."

"अरे वा, काका. पत्ता द्या ना, बघते."

"हा बघा, वहीत लिहून ठेवलाय."

"काका, हा पत्ता फक्त तुमच्याच कॉम्प्युटरवर उघडतो. बाहेर कुणालाच दिसत नाही. सुरुवातीला सगळे असेच फसतात, मीही फसले होते."

"छे हो. मुलाला पाठवला होता की. त्याच दिवशी उत्तर आलं त्याचं. सगळी पाहिली म्हणाला, मस्त झालीय."

मुलीने वहीतला पत्ता पुन्हा एकदा वाचून पाहिला.

"दुसऱ्या कुणाला दिसतच नाही म्हणता?"

"नाही, काका. पण दहा मिनिटांचं काम आहे. देऊ का सगळ्यांना दिसेल अशी करून?"

"नको, बाळ. मग त्याला पुन्हा विचारावं लागेल, पाहिलीस का म्हणून."