तुझं दुरून दिसतं, माझं विचारून

मी सुमन तायडे, आणि आडनाव नीट लिहा भाऊ, गाळू नका. माहेर चोपड्याकडचं, सातपुड्याच्या पायथ्याशी, आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. बाप दुसऱ्याच्या शेतात सालदारी करून म्हातारा झाला, आई केळीच्या बागेत निंदायला जायची, दुकानात गेली की पायरीखाली उभी राहायची आणि दुकानदार मीठ-मिरची वरून पदरात टाकायचा. मी म्हणायची माय, आपण वर का चढत नही, तर ती म्हणायची चाल गुमान. लग्न होऊन जळगावला आले, आमचे हे घरांना रंग द्यायचे, मला वाटलं शहर शे, इथं कोण विचारतं.

मेहरूणला पहिली खोली घेतली तेव्हा ह्यांनी घरमालकिणीला आडनाव पाटील सांगितलं. काही महिने बरे गेले, ती बाई माझ्या हातची कढी मागून न्यायची. मग ह्यांचा चुलतभाऊ आला आणि दारात उभा राहून तायडे इथंच राहतात का विचारलं, संपलं. संध्याकाळच्या आत भांडी बाहेर. मी लेकीला कडेवर घेऊन रस्त्यावर उभी, आणि आत ती बाई खोली धुऊन काढत होती, बादलीवर बादली. तो आवाज काय सांगू तुम्हाला. तिथंच मी ह्यांना म्हटलं, उपाशी राहू, पण नाव आता बदलायचं नाही. मग मी डबे केले, ह्यांनी रंग मारले, आणि त्याच मेहरूणात घर बांधलं. हे गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

तर ग्रेस. युगांडाची पोरगी, इथं कॉलेजात शिकायला आलेली, माझा डबा खायची. तिला खोली मिळेना, फोनवर हो म्हणायचे आणि दारात पाहिली की खोली गेली म्हणायचे. मी म्हटलं माझी वरची रिकामी आहे, ये. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या नलूअक्का आल्या, ही कसली काळीकुट्ट ठेवली सुमनबाई, लेकरं भितात. मी म्हटलं अक्का, लेकरं भीत नाहीत, तुम्ही भिववता. रस्त्यानं पोरं तिच्यामागं नको ते ओरडायची, ती मान खाली घालून यायची. मी म्हटलं मान वर कर, गल्ली त्यांच्या बापाची नाही. वर्षभरात मोडकंतोडकं मराठी बोलायला लागली, मावशी मावशी करायची.

हिवाळ्यात आमच्या गल्लीची भरीत पार्टी असते, शेतात जायचं, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची. भाजायचं काम दरवर्षी माझं. मी धुरात बसायची, मग नलूअक्का आणि बाकीच्या वांगी उचलून न्यायच्या, सोलणं, ठेचणं, फोडणी, वाढणं बठ्ठं त्यांचं. कोणी काही बोलायचं नाही, बोलायची गरजच नव्हती. त्या वर्षी ग्रेस माझ्याजवळ बसली होती, म्हणाली मावशी, तुम्ही एवढे डबे करता, मग इथं फक्त आगीजवळ का. मी म्हटलं सालीला माझा हात चालतो, आतल्याला चालत नाही. तिला कळेना. माझा रंग दिसतो, म्हणाली, तुम्ही तर त्यांच्यासारख्याच दिसता, मग त्यांना समजतं कसं. मी म्हटलं बाई, तुझं दुरून दिसतं, माझं विचारून काढतात. आधी नाव, मग आडनाव, त्यानं नाही भागलं तर गाव, मग गावात घर कुठल्या अंगाला. कळेपर्यंत विचारतात. मग खोटं सांगायचं, म्हणाली. तेव्हा मी तिला त्या धुऊन काढलेल्या पहिल्या खोलीचं सांगितलं. ती म्हणाली, मला दारातूनच घालवतात, तुम्हाला आत घेऊन घालवलं. कायदा नाही का. मी म्हटलं शे ना, कायदा दार उघडतो, पंगतीला बसवत नाही.

तेवढ्यात नलूअक्का परात घेऊन आल्या, द्या म्हणाल्या. माझ्या तोंडून निघालं, नाही देत, आज भरीत मी करीन. आणि तिथंच बसले, चटके बसत होते तरी सोलली, मिरची-लसूण घालून ठेचली, कांद्याची पात टाकली, फोडणी दिली. बठ्ठी गल्ली बघत उभी. नलूअक्का म्हणाल्या, चांगल्या दिवशी वाद कशाला, आजवर तुम्हाला कोणी काही बोललं का. मी म्हटलं बोलला नाहीत म्हणूनच इतकी वर्षं चाललं. ज्याला खायचं त्यानं ताट आणावं, ज्याला नाही त्यानं घरी जाऊन जेवावं. कोणी हलेना. मीही उठले नाही. मग कोपऱ्यावरचे म्हातारे आबा आले, ताट पुढं केलं, वाढ माय, थंडं व्हई ऱ्हायनं. त्यांच्यामागं काही आले. काही नाही आले. नलूअक्कांनी ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी नुसत्या लोणच्याशी खाल्ली.

पण सगळं सुधारलं असं नका लिहू. पुढच्या वर्षी मला निरोपच आला नाही, पार्टी झाली. मी माझी गच्चीवर केली, आबा काठी टेकत जिना चढून आले.

ग्रेस शिकून गेली, फोन करते, तिकडे नोकरीला लागली. आता वरच्या खोलीत साक्रीकडच्या भिलांच्या दोन पोरी आहेत, नर्सिंगच्या. परवा नलूअक्कांनी विचारलं, आता ह्या कोण. मी म्हटलं माझ्या भाडेकरू, आणखी काय पाहिजे. नजर काही बदलली नाही त्यांची, ना बदलो. माझे गुडघे गेले, पण दुसऱ्यानं दाखवलेल्या जागी बसणं आता व्हत नाही. ग्रेस जठे शे तठे सुखात राहो, ह्या पोरीही शिकून मोठ्या होवोत. सकाळी त्याच येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पाण्याचा माठ भरून ओट्यावर ठेवतात. ज्याला प्यायचं त्यानं प्यावं, ज्याला नाही त्यानं तहानलेलं जावं, माठ आत घेणार नाही मी.