आकडा सांगू का नको?

"चोराचं काम सोपं तुमीच केलं, साहेब."

सोलापुरातल्या बँकेच्या खिडकीशी मोहोळची बजाबाई असं म्हणाली, तसे तिच्या मागं उभ्या असलेल्या सबिहाचे कान टवकारले.

"आजी, नीट बोला. फोनवर त्या माणसाला ओटीपी तुम्हीच सांगितला ना?"

"व्हय, सांगितला की."

"कुणालाही सांगू नका, असं भिंतीवर एवढं मोठं लिहिलंय."

"मला वाचता येत न्हाय. पेन्शनीला आले की ह्याच खिडकीतनं तुमी वरडता, आजी, आकडा आलाय, पटकन सांगा, मागं रांग हाय. तुमचा खोळंबा नको म्हनून नातीकडनं आकडे वळखायला शिकले मी."

"अहो, ते आम्ही. तो चोर होता."

"त्यो बी बँकेतनंच बोलतोय म्हनला. लई गोड बोलला. आजी, सावकाश सांगा, म्हनला. तवाच वळखायला पायजे हुतं, ह्यो काय बँकेतला न्हाय."

रांग हसली. साहेब हसला नाही.

"डोळ्याच्या आपरेशनला ठेवलेलं सगळं गेलं, साहेब. एका डोळ्यानं तर आता दिसतच न्हाय."

"तक्रार नोंदवून घेतो. मोबाईल बघा, आकडा आला असेल. पटकन सांगा."

बजाबाईनं मोबाईल पदराखाली घेतला.

"आजी, मागं रांग आहे."

"आम्हाला घाई नाही," सबिहा म्हणाली.

"ऐकलं न्हवं? आता तुमी सांगा, साहेब. ह्यो आकडा सांगू का नको?"